कारखान्याच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून पोचायचं, तर कुठलं व्हीपीएन घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. सर्व्हर कारखान्यातच, त्यावर टॅली आणि ईआरपी. अकाउंटंट राजारामपुरीतून, सीए इचलकरंजीतून, मार्केटिंगची तीन मुलं पुणे-बेंगळुरूतून आणि अधूनमधून भट्टीच्या कंपनीचा इंजिनिअर पॅनेल बघायला आत येतो. सध्या राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप दिलाय. एक जण म्हणतो फायरवॉल घेऊन एसएसएल व्हीपीएन करा, दुसरा म्हणतो वायरगार्ड फुकट आहे, तिसरा म्हणतो आयपीसेकशिवाय काही खरं नाही. आम्ही नेमकं काय करावं?"

नमस्कार. तुमच्यासारख्या कारखान्यांची नेटवर्क मी अठरा वर्षं बघतोय. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कपर्यंत जाणारी कुलूपबंद वाट. रिमोट डेस्कटॉप म्हणजे सर्व्हरचा पडदा लांबून आपल्या कॉम्प्युटरवर उघडणं, आणि ३३८९ हे त्याचं नेहमीचं दार. व्हीपीएनकडे येण्याआधी त्या ३३८९ बद्दल बोलतो, कारण माझ्या जिवाला खरा घोर त्याचाच लागलाय.

गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये अशीच व्यवस्था होती. मालक म्हणाले, "आमच्याकडं कोण कशाला येतंय?" मी त्यांना सर्व्हरसमोर बसवलं, विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, सिक्युरिटी लॉगवर ४६२५ हा क्रमांक फिल्टर लावला. ४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. दर दोन-चार सेकंदाला एक नवी ओळ पडत होती. नावं बघा: administrator च्या जागी कधी 'अॅडमिन', कधी 'टॅली', कधी 'अकाउंट्स', कधी 'युजर१'. रात्रपाळीला भट्टी चालू होती तेव्हाही, रविवारी कारखाना बंद होता तेव्हाही. मालक पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे कधीपासनं चाललंय?" लॉग जुन्या नोंदी पुसून नव्या लिहीत होता, त्यामुळे सुरुवात सापडलीच नाही.

तुमचं नाव कुणी शोधून आलेलं नसतं. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता यंत्रं चोवीस तास ठोठावत असतात, आणि उघडं ३३८९ दिसलं की नेहमीची नावं आणि नेहमीचे पासवर्ड टाकत बसतात. पासवर्ड भक्कम ठेवला तरी धोका उरतोच. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली, तिला पासवर्डच लागत नव्हता. ती एवढी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. काही जण ३३८९ च्या जागी ३३८९० किंवा दुसराच नंबर लावून देतात. ठोठावणारी यंत्रं सगळेच नंबर बघतात, त्यामुळे त्यानं फार तर ठोठावणं थोडं कमी होतं.

आता व्हीपीएन. निवडताना लोक वेग विचारतात, किंमत विचारतात, एन्क्रिप्शन किती बिटचं ते विचारतात. आजच्या कुठल्याही चांगल्या व्हीपीएनचं एन्क्रिप्शन नीट लावलं तर तुमच्या कारखान्याला पुरून उरतं; ते फोडून आत आलेला मला आजवर एकही दिसला नाही. आत येतात ते कुणाचा तरी पासवर्ड, कुणाची तरी की, म्हणजे डिजिटल किल्ली, किंवा दुरुस्त न केलेली त्रुटी घेऊन. म्हणून मी प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारतो: माणूस काम सोडून गेला, तर त्याचं दार किती वेळात बंद होतं, आणि ते बंद करताना बाकीच्यांच्या कामाला किती धक्का बसतो?

अमेरिकेत मे २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी खंडणीच्या हल्ल्यात बंद पडली. हल्लेखोर आत आले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड बाहेर फुटलेला होता आणि त्याला ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती. खातं कुणी वापरत नव्हतं, पण बंदही कुणी केलं नव्हतं. या गोष्टीसाठी कारखाना तेवढा मोठा असावा लागत नाही.

पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन आजही जुन्या राउटरमध्ये दिसतं. ते लावू नका. त्यातली पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ मध्ये सगळ्यांसमोर फोडून दाखवली गेली. पकडलेल्या संवादावरून पासवर्डची की काढणं म्हणजे डीईएस या जुन्या, कमजोर एन्क्रिप्शनची एक की शोधण्याएवढंच काम उरलं. अॅपलने २०१६ मध्ये ते आपल्या फोन आणि मॅकमधून काढूनच टाकलं.

एल२टीपी-आयपीसेक त्याच्यापेक्षा बरं, आणि आपल्याकडे भरपूर ठिकाणी आहे, कारण विंडोजमध्ये आयतंच मिळतं. पण ते बहुतेक ठिकाणी एकाच सामाईक गुप्त शब्दावर उभं असतं. एका ठिकाणी चौदा लॅपटॉपवर तोच शब्द आणि वर युजरनेमही सगळ्यांना एकच, 'ऑफिस'. अकाउंटंट भांडून गेले. आता शब्द बदलायचा तर चौदा लॅपटॉप हातात घ्यायचे, त्यातले पाच फिरतीवर. "पुढच्या महिन्यात करू" म्हणत सात महिने गेले. प्रत्येकाला वेगळं युजरनेम दिलं असतं तर अर्धं काम सोपं झालं असतं. तरी सामाईक शब्द त्या माणसाकडे राहिलाच असता, आणि तो शब्द ठाऊक असलेला माणूस एखाद्या वायफायवर तुमच्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो.

दुसरी अडचण मी पुरात बघितली. जुलै २०२१. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, कारखान्यात जायला रस्ता नाही. एका कारखान्याचा सर्व्हर वरच्या मजल्यावर जनरेटरवर चालू होता आणि पगार काढायचे होते. तिघं अकाउंट्सवाले आर. के. नगरात एकाच्या घरी जमले, कारण तिथं वीज आणि नेट दोन्ही होतं. एकानं एल२टीपी जोडलं, काम सुरू. दुसऱ्यानं जोडलं की पहिला बाहेर. पहिल्यानं परत जोडलं की दुसरा बाहेर. मला फोन आला, "साहेब, एक आत गेला की दुसरा भाइर पडतोय, काय करायचं?" तिघंही एकाच घरच्या राउटरमागून, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यावरून, एकाच सर्व्हरकडे जात होते. एल२टीपी-आयपीसेकची अशी गाठ बऱ्याच सर्व्हरवर पडते. शेवटी दोघांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम केलं. कामगारांचे पगार वेळेवर गेले, पण ती रात्र मी विसरलो नाही. त्यानंतर मी कुणालाही नवं एल२टीपी लावून दिलेलं नाही. शिवाय अँड्रॉइड १२ पासून नव्या फोनमध्ये त्याचं नवं कनेक्शनही बनवता येत नाही.

आयपीसेकचं आजचं रूप म्हणजे आयकेई-व्ही२. विंडोज, आयफोन, मॅक सगळ्यांत आयतं आहे, म्हणजे मार्केटिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर वेगळं काही टाकावं लागत नाही. त्याची एक सोय फिरतीच्या माणसाला फार उपयोगी पडते: हॉटेलच्या वायफायवरून मोबाइलच्या नेटवर गेलं तरी जोडणी तुटत नाही, तीच पुढे चालते. प्रत्येकाला स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, किंवा युजरनेम-पासवर्ड देता येतो, त्यामुळे एकाचं बंद केलं तर दुसऱ्याला कळतही नाही. पण लावणाऱ्याचा हात तयार हवा. विंडोज आपल्या मर्जीनं जुनी, १०२४ बिटची की-देवाणघेवाण मागतं, ती पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजमध्ये आदेश टाइप करून, मुद्दाम बदलावी लागते. हे न करता "आयकेई-व्ही२ आहे म्हणजे झालं" असं समजणारे मला भेटलेत. दुसरं, त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात, आणि काही हॉटेलं, काही ग्राहकांची ऑफिसं ती अडवतात. दोन जागा कायमच्या जोडायच्या असतील, समजा शिरोलीचा कारखाना आणि कागल पंचतारांकित वसाहतीतलं नवं युनिट, तर तिथे मात्र मी डोळे झाकून आयपीसेकच लावतो. एका बाजूला एका कंपनीचा फायरवॉल, दुसऱ्या बाजूला दुसरीचा, तरी दोघांना ही भाषा येते.

ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं, आणि माझा त्याच्याशी सगळ्यात जुना स्नेह. प्रत्येकाला वेगळं सर्टिफिकेट, वर पासवर्ड, वर मोबाइलमधला सहा आकड्यांचा कोड, असं तीन पदरी लावता येतं. सगळीकडून अडवलं तर टीसीपी ४४३ वरून, म्हणजे साध्या सुरक्षित वेबसाइटच्या वाटेनं, निघता येतं. ती वाट अडचणीच्या वेळेसाठीच ठेवा. टीसीपीच्या पोटात टीसीपी घातलं की माहितीचं एक पाकीट हरवल्यावर आतलाही परत पाठवतो, बाहेरचाही परत पाठवतो, आणि कमजोर नेटवर सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं. रोजचं काम यूडीपी ११९४ वरच.

माणूस गेला की त्याचं सर्टिफिकेट रद्द करून रद्द सर्टिफिकेटांची यादी सर्व्हरला द्यायची. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. ईझी-आरएसए हे सर्टिफिकेटं बनवायचं साधन वापरून ही यादी बनवली तर ती नेहमीच्या सेटिंगला १८० दिवसांनी शिळी होते, आणि यादी शिळी झाली की ओपनव्हीपीएन सगळ्यांनाच दार बंद करतं, ज्यांचं सर्टिफिकेट चांगलं आहे त्यांनाही. एका सकाळी माझ्या एका कारखान्याचं सगळं बाहेरचं काम थांबलं. तासभर मी नेट तपासत बसलो, राउटर तपासला, आणि कारण निघालं सहा महिन्यांपूर्वी मीच बनवलेली ती यादी. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणच्या यादीची आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरमध्ये दोन आठवडे आधीची नोंद करून ठेवतो. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची नेहमीची मुदत तिथं ८२५ दिवसांची असते, तीही संपतेच.

वायरगार्ड जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. सुमारे चार हजार ओळींचा कोड, म्हणजे एक माणूस बसून वाचू शकेल एवढा, आणि वेग इतका की साध्या राउटरवरही कारखान्याचं फायबर पुरेपूर वापरतं. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ओळख नसलेल्यानं ठोठावलं तर ते उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्या यंत्राला तिथं काही आहे हेही कळत नाही. गोकुळ शिरगावच्या त्या सर्व्हरवर दर दोन-चार सेकंदाला पडणाऱ्या ओळी मी बघितल्यात, म्हणून ही शांतता मला मोलाची वाटते.

पण वायरगार्डची ओळख माणसाशी नाही, कीशी आहे. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. की एका छोट्या फाइलमध्ये असते. ती फाइल अकाउंटंटनं स्वतःच्या मेलवर पाठवून घरच्या कॉम्प्युटरवर टाकली, तर वायरगार्डला काही फरक कळत नाही. कळतं ते उशिरा आणि वेगळ्याच तक्रारीतून: दोन कॉम्प्युटर एकाच कीवर एकाच वेळी चालू झाले की सर्व्हर कधी याला उत्तर देतो, कधी त्याला, आणि दोघंही "नेट तुटतंय" म्हणतात. अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, "फाइल कुणाला दिली होती का?" आणि बहुतेकदा दिलेली असते, वाईट हेतूनं नव्हे, सोयीसाठी. माणूस गेल्यावर त्याच्या चार ओळी सर्व्हरवरून काढल्या की दार बंद, बाकी कुणाला धक्का नाही. ही बाजू उत्तम. फक्त कुठली की कुणाची, कुठल्या लॅपटॉपवर, कधी दिली, हे वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहिलेलं हवं. ती नोंद नसेल तर चार ओळी कुणाच्या काढायच्या हेच कळत नाही.

मायक्रोटिक राउटरच्या राउटरओएस ७ मध्ये, पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फायरवॉलमध्ये वायरगार्ड मिळतं. जोडणी होते, पिंग जातं, लॉगिनचा पडदाही येतो, पण पुढचं पान अडकून राहतं, असं झालं तर नेट बदलण्याआधी एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. वायरगार्ड १४२० धरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो १२८० केला की बऱ्याचदा गाडी सुरळीत होते.

आता फायरवॉलचं एसएसएल व्हीपीएन, जे तुम्हाला पहिल्यानं सुचवलंय. वापरायला सगळ्यात सोपं, ओटीपी जोडता येतो, विंडोज डोमेनमधलं, म्हणजे कंपनीच्या सामाईक यादीतलं, खातं बंद केलं की व्हीपीएनही बंद. माझ्या प्रश्नाला याचं उत्तर सगळ्यांत चांगलं. तरीही नव्यानं घेणाऱ्याला मी आज ते सुचवत नाही. त्याचं लॉगिनचं पान जगासमोर उघडं असतं, आणि त्या पानामागच्या कोडमध्ये गेल्या काही वर्षांत एकामागून एक मोठ्या त्रुटी निघाल्यात. फोर्टिनेटमधल्या २०१८ च्या क्रमांकाच्या एका त्रुटीतून पासवर्ड थेट वाचता येत होते, आणि ती दुरुस्ती ज्यांनी वेळेवर टाकली नाही अशा हजारो फायरवॉलचे पासवर्ड २०२१ मध्ये इंटरनेटवर फुटले. जानेवारी २०२४ मध्ये इव्हांटीच्या व्हीपीएनमधल्या त्रुटींवर हल्ले सुरू झाले तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं सरकारी कार्यालयांना ती उपकरणं जोडणीतून काढायलाच सांगितलं. त्याच यंत्रणेनं सप्टेंबर २०२१ मध्येच, अशा खासगी घडणीच्या एसएसएल व्हीपीएनपेक्षा प्रमाणित आयपीसेक घ्या, असा सल्ला दिला होता. फोर्टिनेटनंही आपल्या फोर्टिओएस ७.६.३ मधून एसएसएल व्हीपीएनचा टनेल काढून आयपीसेककडे जायला सांगितलंय.

फायरवॉल घेऊ नका असं मी म्हणत नाही. फायरवॉल जरूर घ्या, पण त्यातलं आयपीसेक वापरा. आणि घेताना विकणाऱ्याला विचारा: याचं लायसन संपल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार का, आणि त्या कोण, कुठल्या दिवशी टाकणार? मी अशा कारखान्यात गेलोय जिथं महागडा फायरवॉल रॅकमध्ये चमकत होता आणि त्यात तीन वर्षं एकही दुरुस्ती पडलेली नव्हती. लायसनचं नूतनीकरण मालकांना कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

टेलस्केलसारख्या सेवा वेगळ्या जातीच्या. पोटात वायरगार्डच, पण कुणाची की कुणाला द्यायची हे त्यांच्या सर्व्हरवरून ठरतं, आणि माणूस गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत येतो. त्यामुळे त्या खात्याला ओटीपी लावलेला असला की तो इथंही लागतो, आणि माणसाला त्या सेवेतून काढलं की दार बंद. तुमच्याकडे हे महत्त्वाचं ठरण्याचं कारण दुसरंच आहे. तुमच्या नेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का? राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर "माझा आयपी" शोधल्यावर दिसतो त्याच्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला. तुमचं ३३८९ बाहेरून चालतंय म्हणजे आज तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. पण नेट कंपनी बदलली किंवा पहिली लाइन तुटून दुसरीवर गेलात तर तो असेलच असं नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागा, वेगळे पैसे पडले तरी. तो मिळणारच नसेल तर टेलस्केलसारखी सेवा सीजीनॅटमधूनही आतून बाहेर वाट काढते. थेट वाट नाहीच सापडली तर त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून जाते, तेव्हा थोडं हळू. यात एकच गोष्ट जिवापाड जपायची: ज्या खात्यानं हे सगळं चालवलं जातं ते मालकाच्या ताब्यात हवं, त्याला ओटीपी हवा. संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर कारखान्याची सगळी दारं चालताना मी पाहिलीत.

तुमच्या माणसांकडे बघून मी असं लावेन.

अकाउंटंट आणि सीए यांना वायरगार्ड, प्रत्येकाला ठरलेल्या एका लॅपटॉपवर एक की, आणि त्या कीवरून फक्त टॅलीच्या सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप. बाकी कारखान्याचं नेटवर्क त्यांना दिसायचंच नाही. फायरवॉलमध्ये एक ओळ लागते. रिमोट डेस्कटॉपच्या लॉगिनला वेगळा ओटीपी जोडा, म्हणजे फाइल कुणाच्या हाती गेली तरी पुढचं दार बंद राहतं. एका वेळी अनेक जण सर्व्हरवर काम करणार असतील तर त्याचं मायक्रोसॉफ्टचं लायसन रीतसर घ्या.

टॅलीचं फोल्डर मात्र व्हीपीएनवरून शेअर करून घरच्या टॅलीत उघडू नका. "व्हीपीएन फार स्लो आहे" ही तक्रार माझ्याकडे येते त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथं असतं. टॅली डेटा फाइलमधून लहान लहान तुकडे मागतं, एक आला की दुसरा. समजा एका रिपोर्टला असे पाच हजार हेलपाटे लागले. कारखान्याच्या आत एक हेलपाटा एक मिलिसेकंदाचा धरला तर पाच सेकंद. घरून मोबाइलच्या नेटवर तोच चाळीस मिलिसेकंदाचा, म्हणजे दोनशे सेकंद, तीन मिनिटं वीस सेकंद. कितीही वेगवान फायबर घेतलं तरी हेलपाट्याचा वेळ तोच. आणि मध्येच नेट तुटलं तर डेटा बिघडायची भीती वेगळी. रिमोट डेस्कटॉपमध्ये टॅली सर्व्हरवरच चालतं, तारेवरून फक्त पडद्याचं चित्र येतं.

मार्केटिंगच्या तिघांना आयकेई-व्ही२, युजरनेम आणि ओटीपीसह, फक्त ईआरपीच्या वेबपानापर्यंत. ही मुलं बदलतात, त्यांचे लॅपटॉप बदलतात, म्हणून त्यांची ओळख खात्याशी बांधलेली बरी. हॉटेलात अडलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट.

भट्टीच्या इंजिनिअरचं सगळ्यात जपून. पॅनेलमधला पीएलसी, म्हणजे भट्टी चालवणारा छोटा संगणक, ज्या मॉडबस नावाच्या भाषेत बोलतो त्यात 'तू कोण' असं विचारायची सोयच नसते. जो आत पोचला त्याचं तो ऐकतो. वितळलेल्या धातूजवळ माणसं उभी असतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. त्या इंजिनिअरची की सर्व्हरवर कायम बंद ठेवायची. त्याचा फोन आला, तुमचा मेन्टेनन्सवाला पॅनेलजवळ उभा राहिला, की चालू करायची, काम झालं की बंद. पीएलसी ऑफिसच्या कॉम्प्युटरांपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाका. भट्टी कंपनी म्हणेल, आमचा स्वतःचा मोडेम लावतो, तुम्हाला काही करायला नको. त्याला नम्रपणे नाही म्हणा. ते तुमच्या नकळत उघडणारं दार असतं.

हे सगळं करण्याआधी कारखान्याचं आतलं नेटवर्क १९२.१६८.१ वर असेल तर ते बदला. निम्म्या घरांतल्या राउटरवर तेच असतं. घरचा प्रिंटर आणि कारखान्याचा सर्व्हर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१० निघाला, की व्हीपीएन जोडलेलं दिसतं आणि सर्व्हर सापडत नाही. १०.४७.२० असं काहीतरी वेगळं घ्या. हे काम सुट्टीच्या दिवशी करा, बायोमेट्रिक मशीन, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर सगळ्यांचे पत्ते बदलावे लागतात आणि एखादा विसरतोच.

कायद्याचं मला नेहमी विचारतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची असं आहे, त्यावरून काही जण घाबरले. कंपनीनं आपल्या माणसांसाठी चालवलेलं व्हीपीएन त्या कलमात येत नाही, हे सर्ट-इननं नंतर स्पष्ट केलं. पण त्याच आदेशानुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, हे तुम्हाला लागू धरून चाला. राउटरच्या पोटात काही दिवसांचेच लॉग मावतात, म्हणून ते एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर पाठवून ठेवा.

आणि शिरोलीत आहात म्हणून सांगतो: राउटर, सर्व्हर आणि त्यांचा यूपीएस तळमजल्यावर असेल तर तो या पावसाळ्याआधी वर हलवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की तुमची माणसं घरून काम करायला लागणार, आणि तेव्हाच हे व्हीपीएन लागणार.

यातलं बाकी सगळं महिनाभरात सावकाश झालं तरी चालेल. ३३८९ मात्र आज रात्री बंद करा. अकाउंटंटला दोन दिवस कारखान्यात यायला सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा. बंद केल्यावर तपासताना कारखान्याच्या वायफायवरून तपासू नका, आतून केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. गेटबाहेर या, मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइलच्या नेटवरून जोडून बघा. जोडलं गेलं नाही, की घरी जा.